रक्ताच्या थेंबात पाहणारा माणूस

डॉक्टरकी शिकणारा मुलगा घरात असला की 'ग्रेज ॲनाटमी' हे नाव घरातल्या सगळ्यांच्या कानावरून जाते. शरीररचनाशास्त्राचा हा जाडजूड ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये निघाला. २०२० साली त्याची बेचाळिसावी आवृत्ती निघाली. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो ग्रे या एका नावाने ओळखला जातो आहे. पण ज्या चित्रांमुळे तो विद्यार्थ्यांना आपलासा वाटला, ती ३६३ चित्रे ग्रेने काढलेली नव्हती. ती काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने. हा कार्टर पुढे आपल्या साताऱ्यात तब्बल नऊ वर्षे सिव्हिल सर्जन होता, तिथल्या तुरुंगाचा कारभार पाहत होता, आणि माणूस, माकड व उंदीर यांच्या रक्तात कोणकोणते जीव पोहत असतात हे या देशात अगदी सुरुवातीला पाहणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक होता, हे किती जणांना ठाऊक असते? सातारकरांनाही नसते.

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार. समुद्र, वादळे, किनाऱ्याला लागलेली जहाजे असे विषय ते जलरंगात रंगवीत आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी त्यांचे नाव होते. बोटांतली कला मुलाकडे बापाकडून आली. मन मात्र वैद्यकाकडे ओढले गेले. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनला गेला आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये शिकू लागला. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट या दोघांच्या हाताखाली त्याला काम करायला मिळाले. ओवेन हा प्राण्यांच्या शरीररचनेचा मोठा जाणकार, तर क्वेकेट हा सूक्ष्मदर्शकाचा उस्ताद. माणसाचे शरीर समजून घ्यायचे तर शेजारी प्राण्याचे शरीर ठेवून पाहावे, आणि डोळ्यांना दिसेनासे झाले की भिंग घ्यावे, हे दोन धडे कार्टरला विशी-पंचविशीत मिळाले. ते त्याला जन्मभर पुरले.

सेंट जॉर्जमध्येच त्याची गाठ हेन्री ग्रेशी पडली. ग्रे त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि वरच्या वर्तुळात वावरणारा. विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असा ग्रंथ काढायची कल्पना त्याची. मजकूर ग्रेने लिहायचा, चित्रे कार्टरने काढायची असे ठरले. दोघांनी मिळून शवविच्छेदन केले आणि जवळजवळ दीड वर्ष कार्टर चित्रांत बुडून गेला. त्या काळी चित्र लाकडी ठोकळ्यावर काढून मग ते कोरले जाई. छापल्यावर सुलटे यावे म्हणून ठोकळ्यावर सारे उलटे काढायचे. डावा हात उजवीकडे, अक्षरेही आरशातल्यासारखी. त्यात कार्टरने एक साधी सोय केली. जुन्या ग्रंथांत धमनीला आकडा दिलेला असे आणि तिचे नाव खालच्या यादीत शोधावे लागे. कार्टरने धमनीचे नाव त्या धमनीच्याच अंगावर, स्नायूचे नाव स्नायूवर लिहिले. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलायची गरज उरली नाही.

याचा मोबदला काय? ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड रॉयल्टी. कार्टरला एकदाच दीडशे पौंड, हिशेब मिटला. ज्याचे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले त्या माझ्यासारख्याला ही नोंद वाचताना थोडे थांबावेच लागते. एकाच्या खात्यावर दर आवृत्तीला जमा पडत राहते आणि दुसऱ्याचे खाते पहिल्याच दिवशी बंद होते. व्यवहार कायदेशीर आहे, दोघांच्या संमतीचा आहे, आणि तरीही वाचणाऱ्याला खुपतो. पैशावर हे थांबले नाही. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत कार्टरचे नाव ग्रेच्या नावाइतकेच ठळक आले होते. ग्रेने ते लहान टाइपात घ्यायला लावले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक हा कार्टरचा नवा हुद्दाही खोडून टाकला.

ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हता. १८५८ च्या फेब्रुवारीत, सव्वीस वर्षांचा असताना, तो हिंदुस्थानला निघाला होता. ग्रे तीनच वर्षांनी, १८६१ साली, चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेला. नियतीचा न्याय वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. ग्रेचे नाव ग्रंथाच्या पाठीवर राहिले आणि कार्टरचे आतल्या पानांच्या रेषारेषांत विरून गेले, एवढे खरे.

मुंबईला तो उतरला तेव्हा सत्तावनच्या उठावाची धग अजून निवाली नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेज तेरा वर्षांचे झाले होते. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी तिथून बाहेर पडून नामांकित झाले होते. कार्टर तिथे शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागला आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात रोगी पाहू लागला. मुंबईत त्या काळी आणखी एक डॉक्टर कार्टर होते. हेन्री जॉन कार्टर. तेही सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारे, नारूच्या रोगावर काम केलेले. त्यामुळे पुढच्या काळात एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचे घोटाळे अधूनमधून होत राहिले. आधीच पुसट झालेल्या नावाला हा आणखी एक पडदा.

घरचे सुख त्याला या वर्षांत लाभले नाही. १८५९ साली मुंबईत झालेला विवाह फार दुःखाचा ठरला. एक मुलगी झाली, पण संसार मोडला. मुळात तो अबोल आणि देवभीरू माणूस, स्वतःच्या उणिवा उगाळत बसणारा. त्याची तरुणपणीची रोजनिशी लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवली आहे आणि तिच्यात स्वतःला दिलेल्या बोलांना तोटा नाही. अशा माणसाची १८६३ साली साताऱ्याला नेमणूक झाली.

त्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन मुंबई आणि पुणे जोडले गेले होते. पुण्याच्या पुढे मात्र रस्ताच. कात्रजचा घाट, नीरेच्या काठचे शिरवळ, मग खंडाळा आणि खंबाटकीचा चढ. पुण्या-मुंबईच्या माणसाला खंडाळा म्हटले की लोणावळ्याच्या शेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. आमच्या सातारा जिल्ह्यातले खंडाळा वेगळे. कोरड्या माळाचे, ज्वारी-बाजरीचे, घाटाच्या पायथ्याशी गाडीवानाने बैल सोडून दम घ्यावा असे. साताऱ्याचे राज्य खालसा होऊन तेव्हा पंधराच वर्षे झाली होती. अजिंक्यताऱ्याखालच्या गावात इंग्रज सिव्हिल सर्जनाच्या वाट्याला येई ती कामे ठरलेली असत. दवाखाना पाहायचा, देवी काढणाऱ्यांवर देखरेख ठेवायची, खुनाखुनीच्या प्रकरणांत प्रेते तपासायची आणि तुरुंग सांभाळायचा. मुंबईतल्या प्राध्यापकाला अशी बदली म्हणजे शिक्षाच वाटावी.

पण मुंबईच्या कॉलेजात बसून जो महाराष्ट्र दिसला नसता तो इथे रोज दारात येत होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायात काटा मोडतो, जखम भरल्यासारखी वाटते, आणि काही महिन्यांनी पाऊल सुजून त्याला जागोजागी तोंडे पडतात. त्यांतून मोहरीच्या दाण्याएवढे काळे किंवा फिकट कण बाहेर पडतात. हा मदुरेचा पाय म्हणून ओळखला जाणारा रोग. कार्टरने त्याचा अभ्यास मुंबईतच सुरू केला होता. ते कण म्हणजे बुरशी आहे हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले, या रोगाला मायसेटोमा हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आजही जगभर हेच नाव चालते. कुष्ठरोगाकडेही तो असाच ओढला गेला. हा रोग नसांना कसा पोखरतो, बोटांची संवेदना आधी का जाते, याचा शोध त्याने शवविच्छेदनातून घेतला होता.

१८७२ साली त्याला दीर्घ रजा मिळाली. साधारण साहेब अशा रजेत शिकारीला जाई किंवा लंडनच्या क्लबात बसे. कार्टर नॉर्वेला गेला. कारण कुष्ठरोगावर तेव्हा सर्वांत चांगले काम तिथल्या बर्गन गावी चालले होते. गेऱ्हार्ड हॅन्सन याने १८७३ सालीच कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. तिथून इटली, ग्रीसची बेटे, पॅलेस्टाइन असा फिरून कार्टर १८७५ मध्ये परतला आणि सरकारने मग त्याला काठेवाडात कुष्ठरोगाच्या पाहणीला पाठवले. रोग्यांसाठी वेगळ्या वसाहती असाव्यात, असा त्याचा आग्रह होता. आज प्रभावी औषधे हाताशी असताना तो आग्रह कठोर वाटतो. औषध नव्हते तेव्हा त्याला दुसरा उपाय दिसत नव्हता.

यानंतर आला १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. सातारा, सोलापूर, नगर, पुणे हे जिल्हे होरपळले. दख्खनची माणसे पोट भरायला मुंबईकडे निघाली. त्यांच्याबरोबर एक विचित्र ताप शहरात आला. आठवडाभर जोराचा ताप, मग एकाएकी घाम येऊन तो उतरतो, रोगी उठून बसतो, घरचे देवाला नारळ फोडतात, आणि आठवड्याने ताप पुन्हा उलटतो. जर्मनीत ओटो ओबरमायर याने अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखा पिळाचा, वळवळणारा सूक्ष्म जीव पाहून १८७३ मध्ये जाहीर केला होता. हिंदुस्थानात त्याची खात्री कोणी केलेली नव्हती. कार्टर मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात होता. त्याने रोग्यांच्या बोटातून थेंब थेंब रक्त घेऊन काचपट्टीवर पाहायला सुरुवात केली. ताप चढलेला असताना तो पिळाचा जीव दिसे, ताप उतरला की नाहीसा होई, उलटला की पुन्हा हजर. हे त्याने रोग्यामागून रोगी, तासातासाने पाहून नोंदवले. तापाचा चढउतार आणि रक्तातल्या जिवांचे येणेजाणे एकाच तक्त्यावर मांडले.

पण दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून त्याने रोग्याचे रक्त माकडांना टोचले. काही दिवसांत माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जीव वळवळताना दिसले. जवळपास त्याच वेळी जर्मनीत रॉबर्ट कॉखनेही असाच प्रयोग केला होता. दोघे एकमेकांपासून दूर, दोघांचे उत्तर एकच. १८८२ साली कार्टरचे या तापावरचे मोठे पुस्तक निघाले. पश्चिम हिंदुस्थानातल्या दुष्काळाचा तो एक वेगळ्या प्रकारचा दस्तऐवज आहे. कोणत्याही महसुली अहवालात नसलेली गोष्ट त्यात आहे. उपाशी माणसाच्या शरीरात नेमके काय चालले होते, ती.

ती माणसे कोण होती? कोणी माण-खटावकडचा शेतकरी असेल, कोणी नगरकडचा विणकर. शेत सुकले, बैल विकले, बायकोमुलांना घेऊन चालत निघाले आणि शहरातल्या खाटेवर तापात पडले. त्यांच्या बोटाला सुई टोचली तेव्हा हा गोरा डॉक्टर काय शोधतो आहे हे त्यांना कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. कार्टरचे नाव लहान टाइपात गेले म्हणून आपण हळहळतो. या माणसांची नावे कोणत्याच टाइपात नाहीत. शास्त्राच्या खतावणीत हे देणे अजून बाकीच आहे.

हिवतापाकडे तो आयुष्याच्या उत्तरार्धात वळला. १८८० साली फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ याने अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या तांबड्या पेशींत राहणारा परोपजीवी पाहिला होता. पुष्कळांचा त्यावर विश्वास नव्हता. हिवताप दलदलीच्या घाण हवेने होतो, ही समजूत पक्की होती. १८८७-८८ च्या सुमारास कार्टरने मुंबईत हिवतापाच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि लाव्हराँचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला. हिंदुस्थानात हा परोपजीवी ओळखून त्यावर लिहिणारा तो पहिला. लष्करी डॉक्टरांच्या सरकारी संग्रहात लेख छापला गेला आणि कपाटात गेला.

त्याच संग्रहात, १८८८ साली, त्याचे आणखी एक छोटे टिपण आले. विषय होता उंदराचे रक्त. मुंबईतल्या एका उंदराच्या रक्तात त्याला फार लहान, आखूड पिळाचा जीव दिसला होता. कलकत्त्याला टिमथी लुइस याने त्याआधी दहा वर्षे उंदरांच्या रक्तात वेगळ्या जातीचे, शेपटीवाले परोपजीवी पाहिले होते. पंजाबच्या सरहद्दीवर ग्रिफिथ एव्हान्स याने १८८० मध्ये उंट-घोड्यांच्या सुर्रा रोगात तसलेच जीव शोधले होते. कार्टरला दिसलेला जीव या दोहोंपेक्षा निराळा. त्याचे महत्त्व कळायला पाव शतक लागले. उंदीर चावल्यानंतर काही दिवसांनी येणाऱ्या एका तापाचे कारण तोच जीव आहे, हे जपानी डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवले. उंदराच्या रक्ताशी आपला काय संबंध, असे १८८८ साली कोणी म्हटले असते तर ते वावगे वाटले नसते. आठच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि उंदराशी आपला काय संबंध याचे उत्तर घराघराला मिळाले.

१८८८ साली, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, कार्टर निवृत्त होऊन स्कारबरोला परतला. १८९० मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्याने पुन्हा लग्न केले. दोन मुले झाली. उशिरा का होईना घर मिळाले, पण फार दिवस नाही. ४ मे १८९७ रोजी तो क्षयाने गेला. पुण्यात तेव्हा प्लेगच्या तपासण्यांनी लोक हैराण झाले होते. सात आठवड्यांनी रँडवर गोळी झाडली गेली. आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. कार्टरने जो रक्तात पाहिला होता, तो रक्तात येतो कुठून याचे उत्तर त्याच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी मिळू लागले.

रॉसची पुढची वाट तर कार्टरच्याच पद्धतीची. कलकत्त्यात प्लेगच्या भीतीने कोणी बोटाला सुई लावू देईना, तेव्हा त्याने चिमण्या धरल्या. पक्ष्यांच्या हिवतापाचा परोपजीवी डासाच्या लाळेच्या ग्रंथीत कसा पोचतो हे त्याने १८९८ मध्ये पाहिले आणि माणसाच्या हिवतापाचे कोडे पाखरांनी सोडवले. उलटणाऱ्या तापाचे उरलेले कोडे सुटले ते आपल्या नाशकात. १९०७ साली पर्सिव्हल मॅकी या डॉक्टरने तिथल्या मिशनच्या वस्तीत साथ आली असता पाहिले, की मुलांच्या कपड्यांत उवा जास्त आणि तापही त्यांनाच जास्त. मुलींत दोन्ही कमी. कार्टरने ज्या जिवाच्या मागावर वर्षे घालवली, तो अंगावरच्या उवांतून पसरत होता. त्या जिवाला काही काळ कार्टरचेच नाव दिले गेले होते. पुढे शास्त्राची नावे बदलली आणि तेही मागे पडले.

त्याच सुमारास इटलीत दिओनिसी या शास्त्रज्ञाला वटवाघळांच्या रक्तात हिवतापाच्या परोपजीवींचे भाऊबंद सापडले. तेव्हापासून उष्ण कटिबंधातल्या जंगलांत असे कितीतरी सापडत गेले. लहान वटवाघळांतला एक प्रकार त्यांच्या केसांत राहणाऱ्या बिनपंखी माशांमार्फत एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांतला दुसरा प्रकार त्यांच्या यकृतात वाढतो आणि चिलटांच्या एका जातीतून पसरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या वटवाघळांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही परोपजीवींचे उंदरांच्या हिवतापाशी जवळचे नाते निघाले. हे जीव माणसाला बाधत नाहीत. खुद्द वटवाघळेही ते अंगात बाळगून बहुधा सुखाने उडत असतात. हिवताप हा मुळात किती जुना आणि किती घरे फिरून आलेला पाहुणा आहे, ते मात्र त्यांच्यावरून कळते.

कार्टरच्या सातारा जिल्ह्यातही वटवाघळे अलीकडे बातमीत आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली आणि काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. निपाह हा परोपजीवी नव्हे, विषाणू. केरळात २०१८ साली त्याने माणसे दगावली असल्याने बातमी वाचून अनेकांच्या पोटात गोळा आला. वटवाघळांची झाडे तोडावीत, गुहा धुराने भरून टाकाव्यात, असे बोलणारेही अशा वेळी भेटतात. ते करण्यात शहाणपण नाही. फळझाडांच्या बिया लांबवर नेणारी, फुलांचे परागीभवन करणारी आणि रात्रभर किडे टिपणारी ही जनावरे जंगलाच्या संसारातली कर्ती माणसे आहेत. हुसकलेली वटवाघळे पांगून वस्तीजवळ येतात आणि धोका उलट वाढतो. पक्ष्याने किंवा वटवाघळाने उष्टावलेले फळ खाऊ नये, गुहेत उगाच शिरू नये, मेलेले जनावर हाताने उचलू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. बाकीचे काम काचपट्टी घेऊन बसणाऱ्यांचे.

तेच काम दीडशे वर्षांपूर्वी कार्टर करीत होता. उंदराला नुसता मारून न टाकता त्याच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरण्याइतके कुतूहल त्याच्यापाशी होते, आणि जे दिसले ते वाढवून न सांगता मांडण्याइतका प्रामाणिकपणाही. प्रसिद्धी मिळवण्याची कला त्याला कधी साधली नाही. शिकाऊ डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या त्याच्या रेषांवरून माणसाचे शरीर शिकल्या, आणि शेतात काटा मोडलेल्या पायाच्या दुखण्याला त्याने दिलेले नाव आजही रोजच्या वापरात आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ज्याने आयुष्यातली नऊ वर्षे काढली, त्याचे नाव निदान साताऱ्याने तरी ठळक टाइपात लिहायला हरकत नाही.